हरकत क्रमांक दोन

"हात काढा तिथून!"

अक्षता ओरडली तेव्हा तो मुलगा शिरीषाच्या झाडावरची नोटीस सोलत होता. एप्रिलची दुपार, पुण्यातल्या धायरीचा रस्ता, त्याच्या पाठीला लॅपटॉपची सॅक. तिनं ती सॅकच धरली.

"ठेकेदाराचा माणूस का? किती नोटिसा उतरवल्या?"

"एक. ती पण परत लावतोय." त्यानं डिंकाची बाटली दाखवली. "भिंतीच्या बाजूला चिकटवली होती. वाचणाऱ्याला भिंतीत चिणून घ्यावं लागलं असतं."

अक्षता हसली नाही. पण सॅक सोडली.

रस्तारुंदीत चौसष्ट झाडं जाणार होती. हरकत घ्यायला सात दिवस होते. अक्षता आणि तिच्या कॉलेजची पोरं घरोघर सह्या गोळा करत होती. हा दत्तप्रसाद. चंद्रपूरचा, इथं आयटीत टेस्टिंगला, समोरच्या इमारतीत भाड्यानं राहणारा.

"टेस्टिंग म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायच्या?"

"पगार घेऊन."

"मी फुकट काढते."

"दिसलं."

दुसऱ्या दिवसापासून तो ऑफिस सुटल्यावर तिच्याबरोबर जिने चढू लागला. फार बोलायचा नाही. ती एकटीच दोघांचं भांडायची.

वर्षभर तिला नीट झोप नव्हती. कुठं पारा चढल्याची, कुठं नदी आटल्याची बातमी वाचली की छाती आवळून यायची. डॉक्टर म्हणाले होते, बातम्या कमी बघा. "बातमी माझ्या दारात उभी आहे, तिला काय आत घेऊ नको?" असं विचारून ती उठून आली होती. घरचे म्हणायचे, लग्न झालं की सगळं जाईल. त्यांच्यावर तर ती फारच चिडायची.

चौथ्या दिवशी रस्त्यातच तिचा श्वास अडकला. ती एकतीस नंबरच्या शिरीषाला पाठ टेकून उभी राहिली आणि डोळे मिटून आकडे मोजू लागली. दत्तप्रसाद तिच्यावर ऊन येणार नाही असा उभा राहिला.

"पाणी?"

"नको. बोलू नकोस."

बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले.

"तुला नाही भीती वाटत?"

"आमच्याकडे सत्तेचाळीस डिग्री. आई ओला टॉवेल डोक्यावर घेऊन भाकरी थापायची. आम्ही त्याला उन्हाळा म्हणायचो. त्याला भीती म्हणतात... हे तुझ्याकडून कळलं."

"सॉरी म्हणू की थँक्यू?"

"काही नको. चिडलेली बरी दिसतेस."

"फालतू बोलू नकोस," ती म्हणाली. पण कान तापले, आणि तेही उन्हानं नव्हे.

सहाव्या दिवशी दोघं महापालिकेच्या कचेरीत सह्यांचा गठ्ठा घेऊन गेले. कारकुनानं कागद चाळले.

"मजकूर झेरॉक्सचा, एकच. हरकत एक."

"चारशे बारा माणसं आहेत!"

"मजकूर एक, हरकत एक. ही दुसरी, आजच्या टपालातली. हातानं लिहिलेली. अर्जदार दत्तप्रसाद."

अक्षता त्याच्याकडे वळली. "तू वेगळी लिहिलीस?"

"छापील कागद तुझ्याकडे मागायला... लाज वाटली."

"अरे, लाजलास म्हणून दोन झाल्या! आणि आम्ही शहाणे, चारशे बारांची एक!"

ती त्याच्यावर ओरडत होती, पण राग स्वतःवर होता. सातव्या दिवशी कचेरी बंद होईपर्यंत लोकांना दारात बसवून त्यांनी हातानं लिहून घेतलं. त्र्याण्णव हरकती झाल्या.

आठव्या दिवशी सुनावणीला हॉल भरला. कारकून एकेक वाचू लागला.

"हरकत क्रमांक दोन. झाड क्रमांक एकतीस. या झाडाला पाठ टेकली की अक्षता नावाच्या मुलीला श्वास घेता येतो. दुसरी सोय माझ्या माहितीत नाही. असती तर मी केली असती."

हॉल हसला. दत्तप्रसादची मान खाली गेली.

सुनावणी घेणारे साहेब म्हणाले, "हे पर्यावरणाचं कारण नाही. वैयक्तिक आहे."

अक्षता उठली. "वैयक्तिक कसं? उन्हाळा काय माझ्या एकटीच्या घरी येतो? पोरं रात्र रात्र जागी आहेत, साहेब. गुदमरतायत. ते कोणत्या रकान्यात लिहिता?"

आता कुणी हसलं नाही.

"नोंद घेतली," साहेब म्हणाले.

नवव्या दिवशी सकाळी मशिनं आली. अक्षता धावत पोचली तेव्हा एकतीस नंबर आडवा पडला होता. बुंधा ओला होता. ती ठेकेदारावर ओरडली, पोलिसावर ओरडली आणि मध्येच आवाज बंद झाला. श्वास येईना. तिनं सवयीनं मागे हात नेला. मागे काही नव्हतं.

दत्तप्रसाद तिच्याकडे पाठ करून उभा राहिला.

"टेक."

"तू... झाड नाहीस."

"माहीत आहे. चालवून घे."

तिनं पाठ टेकली. त्याचा शर्ट घामानं भिजला होता. एकतीसपर्यंत मोजून झालं तेव्हा दोघांचा श्वास एका चालीत आला होता.

"माझा राग गेलेला नाही," ती म्हणाली.

"माझाही."

"तिकडे नऱ्ह्याच्या झाडांनाही नोटिसा लागल्यात. या वेळी प्रत्येकानं हातानं लिहायचं."

"हो."

"आणि ते माझ्याबद्दलचं... कारकुनाच्या तोंडून नको. तू सांग."

त्यानं सांगितलं. पलीकडे करवत पुन्हा सुरू झाली होती.

"ऐकू नाही आलं."

त्यानं पुन्हा सांगितलं, ओरडून. रस्त्यावरची माणसं वळून बघू लागली.

तिला पहिल्या वेळीच ऐकू आलं होतं. पण करवत चालू असताना कुणीतरी करवतीपेक्षा मोठ्यानं बोलायला हवं होतं.