कोऱ्या चिठ्ठीचा सौदा

थायलंडमधल्या चंथाबुरीच्या खड्यांच्या बाजारात खरेदीदार बसून राहतो आणि माल चालत येतो. शुक्रवार, शनिवार, रविवार, सकाळी दहापासून. प्रानोमचं टेबल एकोणीस वर्षं तेच होतं, उत्तरेच्या खिडकीपासून दुसरं. त्यावर पांढरा कागद, चिमटा, भिंग, दिवा आणि बर्फ घातलेल्या कॉफीचा पेला. यांतली एखादी वस्तू दलालाच्या कोपराने जागची हलली, तर ती आधी वस्तू सरळ करायची आणि मग नकार द्यायची.

शेजारच्या टेबलावर सोमचित बसायचा. वय साठ, पोट त्याहून मोठं, आणि शर्टाच्या खिशात कायम एक मळकट माणिक. त्या माणकामागे गोष्ट होती. बाजाराची रीत अशी, की खडा आवडला तर चिठ्ठीवर आपला भाव लिहायचा, चिठ्ठी खड्याबरोबर पुडीत घालायची, पुडीला चिकटपट्टी लावायची आणि पट्टीवर आडवी सही करायची. दलाल ती पुडी मालकाकडे नेतो. मालक हो म्हणाला, की आत जे लिहिलंय ते बांधील. दोन वर्षांपूर्वी सोमचितने एक शून्य जास्त लिहिलं. मालक इतक्या लगेच हो म्हणाला, की दलालालाच शंका आली. भांडण प्रानोमकडे आलं. तिने पुडी बघितली आणि दोनच प्रश्न विचारले.

"सही कुणाची?"

"माझी."

"मग खडा कुणाचा?"

तेव्हापासून ते माणिक सोमचितच्या खिशात होतं. नव्या माणसाला तो ते दाखवायचा आणि म्हणायचा, "हा प्रानोमबाईंचा न्याय. धुतला तरी मळ जात नाही."

जूनच्या पहिल्या शुक्रवारी लमाईमावशी आली. सत्तरी ओलांडलेली दलालीण, दोन्ही कानांनी जवळपास बहिरी. तिच्याशी सौदा करायचा म्हणजे ओरडून करायचा, त्यामुळे तिचे भाव अख्ख्या बाजाराला पाठ असत आणि ती आली की आसपासचे दलाल उगाच जवळ येऊन चपला झाडत उभे राहत.

मावशीने पुडी उघडली. आत पुष्कराज होता, सव्वाचार कॅरेटचा, जुन्या मधाच्या रंगाचा.

प्रानोमने भिंग लावलं. खड्याच्या पोटात पिसासारखी एक बारीक रेघ होती, उजवीकडे कललेली. तिने भिंग खाली ठेवलं आणि कॉफीचा एक घोट घेतला.

सोमचितने मान वळवली. एकोणीस वर्षांत त्याला एवढं कळलं होतं, की खडा आवडल्याशिवाय ही बाई कॉफीला हात लावत नाही.

प्रानोमच्या घरी तिजोरीत असाच एक पुष्कराज होता. सव्वाचार कॅरेट, हाच रंग, आत हीच रेघ, फक्त डावीकडे कललेली. बाजारातल्या पहिल्या वर्षी घेतलेला. त्याची जोडी जमली की मुलीच्या लग्नात कानांतले करायचे असं तिने तेव्हाच ठरवलं होतं. मुलगी, दारिन, तेव्हा सात वर्षांची होती. आता तिचं लग्न पाच आठवड्यांवर आलं होतं, आणि रयोंगच्या विहीणबाई प्रत्येक फोनवर न चुकता म्हणत होत्या, "जमली नाही जोडी तर राहू द्या. आमच्याकडे आहेत मोत्यांचे."

"माल कुणाचा, मावशी?" प्रानोम ओरडली.

"नदीपलीकडच्या बाईंचा. जुन्या वस्तीत, वर राहतात."

प्रानोमने ऐंशी हजार लिहिले, पुडी बंद केली, सही केली.

रविवारी मावशी परत आली. पुडी तशीच, पट्टी तशीच, सहीचं टोकसुद्धा हललेलं नाही.

"नाही म्हणाल्या."

"उघडली कुठे त्यांनी?"

"त्या उघडत नाहीत. खिडकीतून टोपली सोडतात. मी पुडी ठेवते, टोपली वर जाते, खाली येते."

"मग नाही कशाला म्हणाल्या?"

"ऐंशी हजाराला." मावशीने पदराने मान पुसावी तसा खांद्यावरच्या पंच्याने घाम पुसला. "आणि म्हणाल्या, वाकून बसू नकोस, पाठीला कुबड येईल."

सोमचित इतका हसला, की त्याच्या टेबलावरचे चार नीलम जमिनीवर गेले आणि ते शोधण्यात त्याची सकाळ संपली.

प्रानोम हसली नाही. तिला कारण सापडलं होतं. म्हातारी पुडी उन्हासमोर धरून आकडा वाचत असणार. पुढच्या शनिवारी तिने एक लाख दहा हजार लिहिले आणि चिठ्ठी काळ्या कागदात दोनदा गुंडाळून मग पुडीत घातली.

दुसऱ्या दिवशी मावशी हजर.

"एक लाख दहाला नाही. काळा कागद कशाला घातलास, म्हणाल्या. खड्याचा जीव गुदमरतो." मग जरा आठवून, "आणि पोरीच्या लग्नाचं आहे तर हात सैल सोड, म्हणाल्या."

प्रानोमने सोमचितकडे बघितलं. "दादा, लग्नाचं तुम्ही सांगितलंत हिला."

"मी? या बाईला काही सांगायचं तर आधी अख्ख्या बाजाराला सांगावं लागतं. तू ऐकलंस का मला ओरडताना?"

ते खरं होतं. त्या खरेपणातूनच पुढचा प्रश्न निघाला. प्रानोम खुर्चीतून उठली, मावशीच्या कानापाशी गेली आणि दोनदा ओरडून विचारलं, तेव्हा तो पोचला.

"मावशी, त्या वरच्या मजल्यावरून बोलतात. तुम्हाला ऐकू येतं?"

"त्यांचं येतं," मावशी म्हणाली. "त्या तुमच्यासारख्या ओरडत नाहीत."

चपला झाडणाऱ्या दलालांपैकी एकजण आपल्या कामाला निघून गेला.

तिसरा आठवडा. लग्नाला तीन रविवार उरले होते. सोनाराने निरोप धाडला होता, की खडे या आठवड्यात हातात पडले नाहीत तर घडणावळ वेळेत होणार नाही. प्रानोमने चिठ्ठी पुढे ओढली, पेन उचललं आणि तसंच धरून बसली.

"एक काम कर," सोमचित म्हणाला. "ती न उघडता वाचते ना? मग लिहूच नकोस काही. कोरी घाल. बघू कशाला नाही म्हणते."

"कोऱ्या चिठ्ठीवर सही करू?"

"ती नाहीच म्हणणार आहे. दोनदा म्हणाली. आपल्याला फक्त सोंग कळलं पाहिजे. मग उद्या लिही खरा भाव."

दुसऱ्या कुणी हे तिला विचारलं असतं, तर तिने त्याला बाजारातून उठवलं असतं. पण तीन आठवडे ती रोज रात्री डावीकडे कललेली रेघ बघत होती. तिने कोरी चिठ्ठी घडी केली, खड्याशेजारी ठेवली, पट्टी लावली, सही केली. मावशी निघाली तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती.

अकरा वाजून सतरा मिनिटांनी ती परत टेबलासमोर उभी होती. पूल ओलांडून जाऊन यायला तरण्या माणसालाही अर्धा तास लागतो. तिला धाप लागलेली नव्हती.

"दिला म्हणाल्या."

प्रानोमचा हात पेल्याकडे गेला आणि तिथेच थांबला. "कितीला?"

"ते नाही सांगितलं. हसल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ऐकलं त्यांना हसताना." मावशीने पुडी पांढऱ्या कागदावर बरोबर मधोमध ठेवली. "म्हणाल्या, आकडा मी घालीन. घाई नाही."

सोमचितने खिशातून माणिक काढलं आणि प्रानोमच्या टेबलावर ठेवलं. विचारायचं होतं ते दोघांनाही पाठ होतं.

पट्टी कापली. आत पुष्कराज होता आणि चिठ्ठी होती. चिठ्ठी कोरीच होती, दोन्ही बाजूंनी.

"फुकट मिळाला की," सोमचित म्हणाला. पण माणिक त्याने उचलून परत खिशात घातलं, आणि त्या दिवशी ते कुणालाच दाखवलं नाही.

प्रानोमला फुकटचं काही पचत नसे. दुपारी दोन वाजता तिने दीड लाख बाट पाकिटात घातले, मावशीला बरोबर घेतलं आणि पुलावरून पलीकडे गेली. मधल्या गल्लीत चर्चची घंटा वाजत होती, सुकत घातलेल्या माशांवर मांजर बसलं होतं, आणि मावशी तीन-तीन पावलांवर थांबत चालत होती. त्यांना पोचायला पंचवीस मिनिटं लागली.

घर लाकडाचं, नदीला लागून. खाली गोडाचं दुकान. वर एक खिडकी, हिरव्या फळ्यांची, उघडी. खिडकीतून दोर आलेला, दोराला वेताची टोपली, बरोबर छातीच्या उंचीवर.

दुकानातली बाई नारळाच्या वड्या कापत होती. पस्तिशीची, गोल चेहऱ्याची.

"वरच्या बाई आहेत का?" प्रानोमने विचारलं.

"वर कुठे?"

"वरच्या मजल्यावर."

"मजला कुठाय, ताई." तिने सुरीने छताकडे बोट दाखवावं तसं केलं. "वाळवीने खाल्ला. आजोबांनी काढून टाकला, माझ्या जन्माच्या आधी. या ना, आत येऊन बघा. वडी घ्या."

प्रानोम आत गेली. डोक्यावर काहीच नव्हतं. सरळ कौलांपर्यंत मोकळं. खूप उंचावर, गुळगुळीत भिंतीत, ती खिडकी होती. तिच्यापर्यंत ना जिना, ना फळी. उन्हाचा चौकोन तिच्यातून आत येऊन समोरच्या भिंतीवर पडला होता.

"मग टोपली कुणाची?"

"ती आहे तिथे. आम्ही नाही काढली कधी." बाईने वड्यांचे चौकोन वेगळे केले. "दोर मात्र दरवर्षी नवा असतो बघा. नगरपालिका बदलत असेल."

प्रानोम बाहेर आली. पाकीट टोपलीत ठेवलं. टोपली हलली नाही.

वाऱ्याने दोर थोडा कलला आणि पुन्हा सरळ झाला.

मावशीने मान वर केली, जरा ऐकलं, आणि पाकीट उचलून प्रानोमच्या हातात दिलं.

"नको म्हणतात. आकडा त्या घालणार, ठरलंय ना."

प्रानोमला नदीशिवाय काही ऐकू आलं नव्हतं.

"आणि म्हणतात," मावशी पुढे म्हणाली, "आता कशी ताठ उभी आहे. बरं वाटलं."

लग्न वेळेवर झालं. कानांतले इतके जुळले, की सोनाराला कुठला खडा कुठला ते सांगता येईना. प्रानोमने भिंगाने बघून सांगितलं, नवा डाव्या कानात. विहीणबाईंनी पाहुण्यांसमोर स्वतः जवळ जाऊन पाहिलं, दोनदा पाहिलं, आणि मोत्यांचा विषय कायमचा मिटला. सोमचित तीन वेळा जेवला.

लमाईमावशी जुलैपासून बाजारात यायची थांबली. गुडघे, असं कुणीतरी म्हणालं.

चिठ्ठी प्रानोमने टाकली नाही. भिंगाच्या पत्र्याच्या डबीत, भिंगाखाली ठेवली. दर शनिवारी टेबल आवरताना ती उघडून बघायची. कोरी असायची. मग डबी बंद. घरी तिने यातलं काहीच सांगितलं नव्हतं. सोमचितनेही विषय काढला नाही, फक्त शनिवारी पाच वाजता तो तिचं डबी बंद करणं ऐकल्याशिवाय उठत नसे.

दारिन रयोंगला सुखात होती. रोज फोन करायची. एकदा म्हणाली, उजव्या कानातलं रात्री काढते, डावं राहू देते. टोचत नाही? नाही ग, उलट बरं वाटतं, सोबत असल्यासारखं.

आठव्या शनिवारी प्रानोमने डबी उघडली.

चिठ्ठीच्या डाव्या कडेला एक रेघ होती. निळ्या शाईची, नखाएवढी, टोकाशी जराशी वळलेली. आकड्याची सुरुवात असेल, अक्षराचीही असेल. तिने भिंग लावलं. रेघ जिथे सुरू होत होती तिथे पेन किंचित दाबलं गेलं होतं. प्रानोमचं पेन तसंच दाबलं जायचं. लहानपणापासून.

ती टेबलावर ओणवी झाली, भिंग डोळ्याला चिकटवून.

फोन वाजला. दारिन.

"काय करतेस, आई?"

"आवरतेय. तुझं काय?"

"काही नाही. मॅन्गोस्टीन आणलीत टोपलीभर, पुढच्या आठवड्यात पाठवते तुला. सासूबाई म्हणतात या वर्षी फार गोड आहेत." ती थांबली. तिच्या बाजूला काही आवाज नव्हता, ना रस्त्याचा, ना पंख्याचा. "आणि आई."

"काय ग?"

"वाकून बसू नकोस. पाठीला कुबड येईल."

शेजारच्या टेबलावर सोमचित वाट बघत होता.

प्रानोम ताठ बसली.