फादरांची पाठ

१९८७च्या नोव्हेंबरपासून मी दर रविवारी पहाटेच्या पहिल्या एस.टी.नं जळगावहून भडगावला जायचो. तिथं एका किराणा दुकानात माझी सायकल ठेवलेली असे. सायकलनं पुढे दीड कोस गेलं, की केळीच्या बागा संपून गिरणेच्या काठावर अकरा ख्रिस्ती घरं आणि एक दगडी चर्च लागे. बाकीचे सहा दिवस मी जळगावातल्या पिंप्राळ्यात राहून शाळेत गणित शिकवत असे. पुढे जे सांगणार आहे त्यात आकडे येतील, आणि आकड्यांच्या बाबतीत मी सहसा चुकत नाही, म्हणून हे सांगितलं.

मागचे फादर त्या वस्तीवर चाळीस वर्षं होते. रोमच्या परिषदेनं मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लोकांच्या भाषेत आणली, वेदी भिंतीपासून सोडवून लोकांसमोर केली, तरी त्यांनी जुनं सोडलं नाही. लोकांकडे पाठ करून, लॅटिनमध्ये, मरेपर्यंत तेच. त्यांच्या वयाकडे बघून बिशपांनी कानाडोळा केला. ते वारल्यावर दीड वर्ष वस्तीला फादरच नव्हते. पण माणसं जळगावला आली नाहीत. दर रविवारी चर्चमध्ये जमून, एका अक्षराचाही अर्थ ठाऊक नसताना, खानदेशी हेल काढून लॅटिन प्रार्थना म्हणत राहिली. हा हट्ट मोडायला बिशपांनी मला पाठवलं होतं.

वस्तीत यशोदाबाईंचा शब्द चाले. पांढरंफेक लुगडं, पंचाहत्तरीच्या पुढचं वय. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "फादर, वेदी जठे शे तठेच राहू द्या. आमले तुमनं तोंड नको. तुमनी पाठच बरी."

मला हसू आलं. "अक्का, मी तुमच्याशी बोलणार. पाठ करून कुणी बोलतं का?"

"तुम्ही देवसंगे बोला. आमनासंगे बाहेर बोला."

घंटा वाजवणारे आणि मिस्सेत मदत करणारे धनसिंग आबा शेजारी उभे होते. त्याच सकाळी सागवानी वेदी ओढायला सहा माणसं लागली. आबांनी हात लावला नाही.

नव्या मिस्सेला अडतीस माणसं होती. बाकं नऊ. शेवटची दोन रिकामी. चर्चचं दार पूर्वेला, त्यामुळे सकाळचं ऊन थेट माझ्या डोळ्यांत येई. मी हात पसरून म्हणालो, "प्रभू तुमच्याबरोबर असो." मराठी उत्तर एकाच तोंडून आलं. धनसिंग आबांची सून रेशमा. ती जळगावातल्या मेहरूणची, वर्षापूर्वी लग्न होऊन आलेली, नव्या मिस्सेची लहानपणापासून सवय असलेली. तिला तेवढा आनंद झालेला दिसला. बाकीचे खाली फरशीकडे बघत होते.

दुसऱ्या रविवारी शेवटच्या बाकावर कोणीतरी पदर ओढून बसलेलं होतं. उशिरा आली असेल, असं वाटलं. मिस्सेनंतर मी दारात उभा राहून प्रत्येकाला 'जय ख्रिस्त' म्हणालो. अडतीस माणसं बाहेर पडली. अडतीसच. आत वळून पाहिलं तर चर्च रिकामं होतं.

तिसऱ्या रविवारी त्या बाकावर चौघं होती.

चौथ्या रविवारी शेवटचं बाक भरलं होतं आणि त्याच्या पुढच्या बाकावर तिघं होती. तोंडं दिसत नव्हती. दारातून येणाऱ्या उजेडात नुसते काळे आकार, डोकी किंचित पुढे झुकलेली. उन्हाचा दोष, मी स्वतःला समजावलं. पाचव्या रविवारी धनसिंग आबांना दार लावून घ्यायला सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, मग जाऊन अडणा घातला.

ऊन गेलं. ते गेले नाहीत.

त्या दिवशी मी यशोदाबाईंच्या ओट्यावर बसलो. त्या शेंगा फोडत होत्या. मी विचारलं, "अक्का, मागच्या बाकांवर कोण बसतं?"

हात थांबले. "देखी लिधं का तुम्ही?"

"कोण आहेत?"

"बठ्ठा शेतस," त्या म्हणाल्या, म्हणजे सगळेच. "आमना आजा, पणजा. दुसरा बी शेतस, त्यास्ले आम्ही वळखत नही. ज्या मरनात, त्यास्ले जुनीच मिस्सा म्हाईत शे. त्या मांगे राहेत, फादरनी पाठ देखेत, गुपचाप राहेत. आते तुम्ही त्यास्ना तोंडकडे देखी हात पसरतस. बलावतस."

"मी तुम्हाला बोलावतो, अक्का."

"त्यास्ले काय म्हाईत?"

मी जळगावला परतलो. आठवडाभर नववीला बीजगणित शिकवलं. ते इतकं स्वच्छ होतं, की पुढच्या शनिवारपर्यंत मला स्वतःची लाज वाटू लागली. दीड वर्ष एकटी पडलेली माणसं, त्यांची भीती, तीच मला लागली. एवढंच.

नव्या मिस्सेत प्रसादाच्या आधी शांतीचं अभिवादन असतं. शेजारच्याकडे, मागच्याकडे वळून हात जोडायचे किंवा हातात हात द्यायचा. वस्तीनं ते एकदाही केलं नव्हतं. जागच्या जागी, समोर बघूनच हात जोडत. मीही आग्रह धरला नव्हता. त्या रविवारी धरला.

"मागे वळा," मी म्हणालो. "एकमेकांना शांती द्या."

कारण सांगायला हवं. वेदीपासून सात बाकं सोडून, माझ्या माणसांच्या अगदी पाठीशी, तेव्हा ते येऊन बसले होते. कुणीतरी वळून पाहावं आणि तिथं काही नाही असं मला सांगावं, एवढंच मला हवं होतं. स्वतः खाली उतरून बघायचं धाडस माझ्यात नव्हतं.

कोणी वळलं नाही. यशोदाबाईंनी डोळे मिटले.

रेशमा वळली. तिला सवय होती. ती शेवटच्या माणसांच्या रांगेत होती. हसत वळली, हात पुढे केला.

तो हात घेतला गेला.

तिचा खांदा थोडा पुढे ओढला गेलेला मी पाहिला. ती ओरडली नाही. तशीच उभी राहिली, माझ्याकडे पाठ करून. मग हळूच आपलं बाक सोडून मागच्या बाकावर जाऊन बसली. तिनं डोक्यावर पदर घेतला.

मिस्सा मी कशी संपवली आठवत नाही. दारात अडतीस माणसं मोजली, रेशमा त्यांत होती. मी तिचं नाव घेतलं. ती नवऱ्यामागून चालत गेली. धनसिंग आबा माझ्यासमोर थांबले.

"पोरीले परत आना, फादर," ते म्हणाले. एवढंच.

त्याच दुपारी, लख्ख उन्हात, वेदी पुन्हा भिंतीला लावली. या वेळी आबांनी हात लावला. मागच्या फादरांचं जुनं पुस्तक मी जळगावला नेलं आणि आठवडाभर पाठ केलं. बिशपांना काही कळवलं नाही. पुस्तकात बारीक तांबड्या अक्षरांत एक सूचना होती: लोकांकडे वळताना पुरोहितानं नजर जमिनीवर ठेवावी. ती सूचना मी अनेकदा वाचली.

पुढच्या रविवारी मी पाठ करून उभा राहिलो. मागे कापडाची सळसळ, कुणाचा तरी खोकला. मग वळलो, डोळे खाली. तेच 'प्रभू तुमच्याबरोबर असो', लॅटिनमध्ये.

"दोमिनुस वोबिस्कुम."

"एत कुम स्पिरितू तुओ."

सगळ्यांच्या आधी, अर्धा शब्द पुढे, रेशमाचा आवाज होता. वर्षभर कानांवर पडूनही लॅटिनचा एक शब्द तिला येत नव्हता.

प्रसादाच्या वेळी माणसं वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकून बसली. मी नजर हातांवरच ठेवली. यशोदाबाईंचे सुरकुतलेले हात. आबांचे. नंतर कठड्यावर हिरव्या बांगड्यांचे दोन हात आले. रेशमा पुढे आली होती, परत आली होती, आणि माझे डोळे भरून आले.

तिच्या उजव्या हातावर आणखी एक हात होता. घट्ट.

मी प्रसाद तिच्या जिभेवर ठेवला. मोजणीनं ती शेवटची, तिच्यानंतर कठड्याला कोणी असायला नको होतं. पण रिवाजाप्रमाणे एक पाऊल बाजूला सरकलो.

पुढचं तोंड आधीच उघडं होतं.