कमळपक्ष्याचं चौथं अंडं

“कोणाच्या सांगण्यावरून उपटलंत हे?”

धरणाच्या काठाशी गुडघाभर चिखलात उभ्या असलेल्या त्या उंच माणसाने वर पाहिलं. ऑगस्टची भुरभुर त्याच्या मिशीवर साचली होती. तो हसला… आणि सालोमीचं डोकं आणखीच फिरलं.

सालोमी गास गावच्या शाळेत टीचर. दर रविवारी चर्चमधला मिस्सा आटोपला की ती सातिवलीच्या गोदामांमागच्या या धरणाला फेरी मारायची. थंडीत बदकं, उन्हात खंड्या, पावसात कमळपक्षी. आज मात्र कुठलंसं तरुण मंडळ श्रमदानाला आलेलं, आणि अर्धा हिरवा गालिचा दोरखंडाने ओढून काठावर आणलेला.

“जलपर्णी काढतोय, टीचर. मी हिलरी, पाचूबंदरचा. पानी कसं मोकळं झालं बघा.”

“ही कमळाची पानं आहेत. समुद्रावरच्या माणसाने गोड्या पाण्यात अक्कल पाजळू नये. ते काय आहे, दिसतं?”

ओढून आणलेल्या पानांच्या एका गादीवर चार तपकिरी अंडी होती, काळ्या रेघोट्यांची. दूर पाण्यावर लांब बोटांचा एक पक्षी सैरावैरा पळत होता.

हिलरीचं हसू मावळलं. “आई हाय?”

“बाप. अंडी बापच उबवतो. आई घालते नि निघून जाते.”

“कुठे?”

“दुसऱ्या नवऱ्याकडे.”

“आन तरी हा बसतो?”

“बसतो. लोकांची घरं उपटत नाही फिरत.”

हिलरी खाली वाकला. अंड्यांना हात न लावता त्याने ती गादी हळूहळू लोटत पाण्यात नेली, छातीभर पाण्यात उभं राहून दोरीला दगड बांधला आणि होडी नांगरावी तशी ती जागच्या जागी नांगरली. मग कुडकुडत बांधावर येऊन बसला. सालोमीपासून हातभर लांब.

“येईल ना तो?”

“अंडी गार पडायच्या आत आला तर. बोलू नका माझ्याशी.”

“बरं… पन गाठ सुटनार नाही, एवढं—”

“हिलरी.”

“बरं बरं.”

पाऊण तासाने पक्षी आला. पानापानावर थबकत, मान वाकडी करत… बसला. सालोमीने श्वास सोडला, तेव्हा तिला कळलं, आपली नखं हिलरीच्या ओल्या बाहीत रुतली आहेत.

“राग गेला?”

“पिल्लं निघेपर्यंत नाही जाणार. तीन आठवडे.”

तीन आठवडे तो रोज संध्याकाळी मासळीचा लिलाव उरकून मोटरसायकलवर येत राहिला. तीही आली, रोज काहीतरी बोलली. उशीर का, एवढ्या मोठ्याने हसतोस का, चप्पल चिखलातच का काढतोस. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, भांडणाच्या नादात कोणाला कळलंच नाही. एक दिवस तो आला नाही, तर ती बिचाऱ्या कमळपक्ष्यावरच डाफरली.

मग एका सकाळी पानांवर तीन पिल्लं तुरुतुरु चालताना दिसली. चौथं अंडं तसंच पडून होतं.

सालोमीचे डोळे भरले. “ते तुझ्यामुळे.”

“हो,” हिलरी म्हणाला. “माझ्यामुळेच.” सबब नाही, हसू नाही. पाण्याकडे बघत राहिला. “जन्मभर बोल मला त्याच्यावरून… मी ऐकीन.”

तिने ओढणीने डोळे पुसले.

“घरी येऊन तुझ्या पप्पांना विचारू?”

“ये. पण अंड्याचं पप्पांना मीच सांगणार. सगळ्यांदेखत.”

आणि तिने रागारागानेच त्याचा हात धरला.