बाविसावा बिल्ला

"या दाराला आतून कडीच नाही?" त्याने विचारलं, आणि तिला पुढचं वाक्य आठवेना.

खरं तर राजवाड्याची गाइड म्हणून सम्राटांचं अख्खं घराणं तिला तोंडपाठ होतं. पाचवा सम्राट भावांना भ्यायचा, म्हणून त्याने तिघांना या बिनखिडकीच्या खोलीत कोंडलं. धाकटा नखाने भिंतीवर दिवस कोरत राहिला... पण आज गटात हा दातांचा डॉक्टर होता. तिकिटाच्या रांगेतच त्याने हळूच कबूल केलं होतं, की लोक त्याला घाबरतात आणि तो बंद लिफ्टला. तेव्हापासून तिची नजर सारखी त्याच्याकडेच जात होती.

ही खोली सोडताना माणसं मोजायची आणि पुढे प्रत्येक दालनाचं दार मागे लावून घ्यायचं, हा तिथला नियम. तिने मोजली. बावीस, तिकिटांइतकीच. किल्ली फिरवली.

फाटकाशी सगळ्यांनी गळ्यातले पाहुण्यांचे बिल्ले परत करून फळीवरच्या बावीस खिळ्यांना अडकवले. एक खिळा रिकामाच राहिला. तिने पुन्हा माणसं मोजली – एकवीस. म्हणजे मघाशी तिने स्वतःलाच धरलं होतं. आणि डॉक्टर कुठेच दिसत नव्हता.

तो नखांच्या खुणा बघायला दाराआड वाकला असणार. ती आल्या वाटेने मागे धावत सुटली. सात दालनं, सात कुलपं, आणि दर वेळी चुकीचीच किल्ली हाताला लागत होती. लिफ्टमध्ये श्वास कोंडतो म्हणाला होता ना... त्याला काही झालं तर? नोकरीचा विचार मनाला शिवलाही नाही, आणि याचीच तिला जास्त भीती वाटली.

शेवटच्या दाराआडून, तिनेच सांगितलेले सम्राट मोजणारा क्षीण आवाज आला. "पहिला, तटबंदी बांधणारा... दुसरा, बहिरा... तिसरा, कवी... चौथा..."

"चौथा घोड्यावरून पडलेला," ती रडत बाहेरून म्हणाली. "बोलत राहा. उघडतेय मी."

दार उघडलं. तो घामाने चिंब झाला होता. त्याने तिचं मनगट घट्ट धरलं.

"मला मोजलंच नाहीत तुम्ही," तो म्हणाला.

"डोक्यात तुम्हीच होतात," तिच्या तोंडून निघून गेलं. "त्या नादात... स्वतःलाच मोजून बसले."

त्याने तिचं मनगट हळूच सोडलं.

"मग आता नीट मोजा," तो म्हणाला.

तिने बोट त्याच्या छातीला लावलं. "एक." ते बोट त्याने तिच्याकडे वळवलं आणि पुढचा आकडा स्वतःच म्हटला, "दोन."