देवकाबाईची वहिवाट

ब्याऐंशीच्या थंडीत एका सकाळी भगवंतराव बोराटीच्या काट्या घेऊन शेतात निघाले. काम साधंच होतं. देवकाबाईची वाट बंद करायची.

सौंसरजवळ त्यांच्या कपाशीतून देवकाबाईच्या संत्र्याच्या बागेत गाडीवाट जायची. बागेला दुसरी वाटच नव्हती. कितीतरी वर्षं भांडण चाललं, पण म्हातारी खमकी! काम असो-नसो, डावा पाय ओढत, काठी टेकत रोज एक फेरी घालायचीच. "चालत्या पायाची वहिवाट असते, भगवंता," म्हणायची, "अन् साक्ष तूच देशीन." भगवंतराव चिडायचे. मनात मात्र म्हणायचे, बाई असावी तर अशी. परवा तिची तेरवी झाली. आता फेरी कोण घालणार?

त्यांनी वाट नांगरली आणि तोंडाशी काट्या रोवल्या.

दुसऱ्या दिवशी धुक्यात येऊन पाहतात, तर काट्या जशाच्या तशा आणि ओल्या ढेकळांवर अनवाणी पावलं. डावा पाय ओढलेला, बाजूला काठीची भोकं. पावलं बागेत गेली होती, परतलेली नव्हती. ती काठी तर त्यांनीच तिच्या चितेवर ठेवली होती...

पुन्हा नांगरलं. पुन्हा पावलं.

तिसऱ्या सकाळी काट्यांपाशी देवकाबाईची सून छाया उभी होती. "काकाजी, संत्रा तोडून ठेवला आहे. आज गाडी नाही निघाली तर सारा सडून जाईन."

"पोरी, तू चालून राहिली का इथून?"

"मी? नाही जी..." तिचा आवाज उतरला. "पण बागेत पहाटे काठी वाजते... रोज."

भगवंतरावांच्या अंगावर काटा आला, आणि खरं सांगायचं तर ऊरही भरून आला. मेली तरी हक्क सोडला नाही बाईनं! त्यांनी आपल्या हातांनी काट्या उपटल्या. "ने गाडी. वाट तुमचीच आहे. कोणापुढंही सांगीन मी."

दुपारी संत्र्यांनी भरलेली गाडी कपाशीतून निघाली. त्या रात्री त्यांना गाढ झोप लागली.

सकाळी बायकोनं, मनकर्णानं, हलवून उठवलं. "अहो, पहाटेच कुठं जाऊन आले? चपलांना केवढा चिखल!"

"मी तर आत्ताच उठून राहिलो..."

ते तसेच धावत शेतात गेले. गाडीच्या ताज्या चाकोरीवर देवकाबाईची पावलं उमटली होती. शेजारी, तिच्या चालीनं चाललेले, त्यांच्याच टायरच्या चपलांचे ठसे.

दोघंही बागेत गेली होती. परतीचं एकही पाऊल नव्हतं.