सेगा, पेंटियम आणि एकच फ्यूज

प्लायवूडच्या भिंतीतून खिळा आत आला तेव्हा वृषाली डोळे मिटून बसली होती. झोपली नव्हती… झोपायला वेळ कुठला! शाळा सुटायच्या आधीची तेवढीच काय ती शांतता. टीव्ही बंद, पोरं नाहीत, कानात नुसती सकाळपासूनच्या गेमची टुंई टुंई. आणि अशात ठक् ठक् करत कानाजवळून हा बोटभर खिळा!

"अहो!" ती ओरडली. "भिंतीपलीकडं माणसं बसतात!"

ठोकणं थांबलं. पलीकडून एक दमलेला आवाज आला, "लागला का?"

"लागला असता तर बोलले असते का?"

"सॉरी हं. प्लाय एवढा पातळ असेल असं वाटलं नाही… फोटो लावत होतो."

"कुणाचा?"

"बाबासाहेबांचा."

झालं. वृषालीचा राग आला तसा गेला. तिच्याकडची बाबासाहेबांची तसबीर किती दिवस कपाटावर आडवी पडून होती. खिळा ठोकायला फुरसत कुणाला? तिनं पक्कड घेतली, आत आलेलं टोक वर वळवलं, तसबीर पुसली आणि त्यावर अडकवून टाकली.

"काय करताय?" पलीकडून आवाज.

"तुमचा खिळा वापरतेय. भाडं मागू नका म्हणजे झालं."

पलीकडचा माणूस हसला. बरा हसत होता. वृषालीनं पुन्हा डोळे मिटले, पण आता काही डोळा लागेना.

संगमनेरच्या बसस्टँडमागच्या गल्लीत घरमालक आबासाहेबांची ती एकच लांबट खोली. मधे प्लाय ठोकून त्यांनी तिचे दोन गाळे केले होते. एकात वृषालीचं सेगाच्या मशीनचं व्हिडिओ गेम पार्लर. पार्लर खरं तर तिच्या वडिलांचं, रंभाजी अण्णांचं. एसटीत कंडक्टर होते, निवृत्त झाले आणि हौसेनं हे टाकलं. मग गुडघे गेले. भाऊ चेतन नोकरीला पुण्याला गेला तो तिकडचाच झाला. राहिली वृषाली. बी.कॉम. झालेली पोरगी दिवसभर पोरांना रिमोट वाटत बसायची. गल्लीतली पोरं गेमच्या पॅडला रिमोटच म्हणायची.

दुसऱ्या गाळ्यात आता हा आला होता. सम्राट. गाव अकोले तालुक्यातलं, भंडारदऱ्याच्या बाजूचं. पुण्यात मित्राबरोबर कॉम्प्युटर क्लास काढला होता, तो बुडाला. उरलेले तीन पेंटियम कॉम्प्युटर टेम्पोत घालून तो संगमनेरला क्लास काढायला आला होता. चेहऱ्यावरून वाटायचं, टेम्पो यानंच ढकलत आणला असावा.

आणि दोन्ही गाळ्यांना मीटर एकच, फ्यूज एकच.

सम्राटनं तिन्ही कॉम्प्युटर लावले की वृषालीच्या टीव्हीवरचं चित्र दोन्ही बाजूंनी आकसायचं. वृषालीनं कूलर लावला की सम्राटचे कॉम्प्युटर बंद पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचे. आणि दोघांनी एकदमच सगळं लावलं की ओट्यावरच्या पेटीत फट्ट! मग दोघं बाहेर. तो फ्यूजला तार गुंडाळणार, ती बॅटरी धरणार. त्यांची ओळख वाढली ती अशी, अंधारात, करपलेल्या तारेच्या वासात.

लाईट येईपर्यंत पोरं ओट्यावर भांडत बसायची.

"सेगाचं काय घिऊन बसला? नाशकाला प्लेस्टेशन आलंय, थ्रीडी हाय भावा! गाडी आपटली की खरी आपटल्यावानी दिसती."

"आन् पेंटियम? पेंटियमवर इमान उडवता येतंय!"

"इमान उडवाया सगळा कीबोर्ड बडवावा लागतोय. सेगाला तीन बटनं. संपला इषय!"

"आन् सेगावरचा तो मारामारीचा गेम? त्यो दुसऱ्या कशावर मिळंल का? न्हाई मिळायचा!"

सम्राट हसत म्हणायचा, "पोरांनो, तुमच्या मॅडमचं मशीन सोळा बिटचं. माझं बत्तीस बिटचं. ताकदीत फरक आहे."

"हो का?" वृषाली म्हणायची. "कूलर लावू का माझा? बघू ताकद."

पोरं खी खी करायची. सम्राट हात जोडायचा.

एकदा असेच दोघं ओट्यावर बसले होते. पोरं कंटाळून घरी गेली होती. साखर कारखान्याकडून वाऱ्यावर मळीचा आंबूस वास येत होता.

"आमच्याकडं एक सोय आहे बघा," सम्राट म्हणाला. "गेम सेव्ह करता येतो. लाईट गेली तरी जिथं होतो तिथून पुढं."

वृषालीनं हातातली बॅटरी विझवली. मग म्हणाली, "माझं तसं नाही. रोज शटर उघडते आणि पहिल्या लेव्हलपासून सुरू. तीच पोरं, तीच टुंई टुंई. अण्णांचं औषध, स्वयंपाक, झोप… की पुन्हा पहिली लेव्हल." ती उगाच हसली. "दमलेय हो मी. कुणाला सांगितलं नाही अजून."

सम्राटनं सांत्वन वगैरे केलं नाही. तो नुसता म्हणाला, "मी पण." आणि दोघं लाईट येईपर्यंत तसेच बसून राहिले. वृषालीला किती तरी दिवसांनी बरं वाटलं.

त्यानंतर क्लास सुटला की सम्राट इकडं यायला लागला. तोच मारामारीचा गेम खेळायला.

"कॉम्प्युटरवर नाही का हा?" तिनं विचारलं. विचारायचं काही कारण नव्हतं, पोरांनी शंभरदा सांगितलं होतं.

"नाही. हा फक्त तुमच्याकडंच."

"नवीन नगर रोडच्या पार्लरला पण आहे की."

"असेल… पण तिथं मला शिव्या घालणारं कोण आहे?"

ती लाजली, आणि लाजल्याचं दिसू नये म्हणून खसकन कॅसेट काढून परत बसवली. साहजिकच गेम सुरू होईना. तिनं कॅसेटमध्ये फुंकर मारली.

"फुंकून काही होत नाही," सम्राट म्हणाला. "स्पिरिटनं पुसावं लागतं."

"मशीन आल्यापासून फुंकतेय मी. चालतंय."

"द्या इकडं." त्यानं फुंकलं. पडदा काळाच. तिनं त्याच्या हातातून ओढून घेतलं, फुंकलं, आणि गेम चालू!

"बघा!" ती म्हणाली. पण तो पडद्याकडं बघतच नव्हता… तिच्याकडं बघत होता. वृषालीनं पटकन त्याच्या हातात पॅड कोंबलं. दुसरं, मारायचं बटण अडकणारं. पहिलं पॅड तिचं होतं, ते ती कुणालाही देत नसे. सम्राट रोज हरायचा आणि रोज पॅडला दोष द्यायचा.

असं बरं चाललं होतं, आणि एका दुपारी पेटीतून धूर निघाला.

आबासाहेब धोतर सावरत धावत आले. "मला लई वैताग आलाय! सारखा फ्यूज, सारखा फ्यूज! उद्या घर पेटंल माजं! आता सगळी खोली एकालाच देनार. दिवाळीच्या आत ठरवा कोन ऱ्हातंय आन् कोन जातंय. न्हाईतर मी ठरवतो!"

ठरवायचं कसं? दोघंही एकमेकांकडं बघेनात. शेवटी पोरांनीच निकाल लावला. रविवारी मॅच. मारामारीचा गेम. जो जिंकेल त्याची खोली. आबासाहेबांना सुद्धा ते पटलं. त्यांना निकाल लागल्याशी मतलब.

शनिवारी दुपारी वृषाली एकटीच बसली होती. सम्राट तिला मागंच बोलला होता, आई म्हणते, आता परत हात हलवत आलास तर मुकाट्यानं भात लावायला राहा. एकदा पुण्याहून हरून आलेला माणूस. पुन्हा हरला तर उभा राहील का हा? आपलं काय, मामा दूध संघाच्या ऑफिसात लावून देतो म्हणतोय. कंटाळवाणं असेल, पण घर चालेल. हे प्रेम म्हणायचं की नुसती दमणूक, तिला कळेना. दोन्ही असावं. तिनं स्क्रूड्रायव्हर घेतला, दुसरं पॅड उघडलं आणि ते अडकणारं बटण साफ करून नीट बसवलं.

रविवारी गाळ्यात मुंगी शिरायला जागा नव्हती. आबासाहेब खुर्ची टाकून मधोमध. घंटा झाली. वृषालीनं आपला गडी सरळ चालवत सम्राटच्या गड्यासमोर नेऊन उभा केला.

सम्राटचा गडी मागं सरकला.

ती पुढं गेली. तो आणखी मागं. ती थांबली, तोही थांबला. दोन गडी मुठी वळून नुसते डुलत उभे.

"मॅडम, मारा की!" पोरं ओरडली. "सर, लाथ घाला!"

वृषाली दातओठ खात पुटपुटली, "मार ना."

"बटण अडकलंय."

"खोटं बोलू नकोस. कालच दुरुस्त केलंय मी."

सम्राटनं मान वळवून तिच्याकडं पाहिलं. बराच वेळ. पडद्यावर घड्याळ उतरत होतं.

"दुरुस्त केलंस?" तो हळूच म्हणाला. "म्हणजे मी जिंकावं म्हणून? आणि मग तू का मारत नाहीस?"

"तुला काय करायचंय?"

"मला हरायचंय," तो म्हणाला. "आणि तू हरूच देत नाहीस."

वेळ संपला. दोघांचीही लाईफ भरलेली, एक ओरखडा नाही. पोरांनी पुन्हा लावायला लावलं. पुन्हा तेच. आबासाहेबांचा संयम सुटला.

"आरं काय चाललंय ह्ये? मारामारी हाय का साखरपुडा?"

गाळ्यात हशा पिकला. वृषालीचे कान गरम झाले.

"कळलं मला," आबासाहेब उठले. "दोगांनाबी खोली नको तुमाला. बरं झालं! माजा जावई लई दिस एसटीडी बूथ टाकतो म्हनतोय. त्याला दिली. दिवाळीला मोकळी करा!"

आणि गेले. पोरंही पांगली. एवढी मोठी मॅच आणि एक बुक्की नाही, तोंडं पडली होती बिचाऱ्यांची.

वृषाली ओट्यावर येऊन बसली. आधी हसली, मग रडली, मग दोन्ही एकदम.

"शहाणा आहेस का तू?" ती म्हणाली. "मी तुझ्यासाठी हरत होते!"

"आणि मी तुझ्यासाठी. अण्णांचे गुडघे, तुझं घर… मला झोप लागली असती का त्या खोलीत?"

"दूध संघात लागणार होते मी."

"सांगायचं नाही का मग?"

"सांगितलं असतं तर घेतली असतीस का खोली?"

त्यानं मान हलवली. नसती घेतली. स्टँडवर कुणीतरी कोपरगावच्या गाडीचा पुकारा करत होतं.

"वृषाली," तो म्हणाला, "मी लई दमलोय गं. पुण्यात दमलो, इथं दमलो. पण तुझ्याशेजारी बसलो ना… की दमलेलं चालतं मला. आणखी काय सांगू? मला बोलता येत नाही."

"येतंय की," ती म्हणाली. डोळे पुसले. आपला हात त्याच्या हातावर ठेवला आणि उचलला नाही.

दिवाळीच्या आधी टेम्पो आला. दोघांत एकच. पावसाची भुरभुर होती, म्हणून टीव्हींवर आणि कॉम्प्युटरवर ताडपत्री टाकली. शेवटी सम्राटनं दोन्ही तसबिरी उतरवल्या आणि खिळा उपटला. वृषालीनं तो ओढणीच्या टोकाला बांधून घेतला.

"कुठं कुठं उतरवायचं?" ड्रायव्हरनं विचारलं.

"माझं भंडारदऱ्याकडं…" सम्राट सुरू झाला.

"सगळं एकाच ठिकाणी," वृषाली म्हणाली. "घुलेवाडीला, आमच्या घरी. पुढची खोली मोकळी आहे. अण्णांशी बोललेय मी."

सम्राट बघतच राहिला. "काय बोललीस?"

"म्हटलं, एक माणूस आणतेय. भाडेकरू म्हणून की जावई म्हणून, ते त्याचं तो सांगेल."

टेम्पो हलला. तीन जणांच्या जागेत बसल्यावर खांद्याला खांदा लागायचाच. स्टँड गेलं, चौक गेला, तरी हा गप्पच. फार घाई केली का आपण, वृषालीला वाटलं.

"तिकडं मीटर किती आहेत?" त्यानं एकदम विचारलं.

"एकच."

"फ्यूज उडणार."

"उडू दे."

तिनं पिशवीतून आपलं पॅड काढलं, पहिलं, कुणालाही न दिलेलं, आणि त्याच्या मांडीवर ठेवलं. तो त्याच्याकडं बघत राहिला, आणि घर येईपर्यंत त्यानं ते दोन्ही हातांनी धरून ठेवलं.

रंभाजी दारातच खुर्ची टाकून बसले होते. टेम्पोचं फळकूट पडलं. सम्राट सगळ्यात जड टीव्ही छातीशी कवटाळून, पावसात भिजत, धापा टाकत त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. पाया पडायला हात मोकळे नव्हते.

"कोण तू?" रंभाजींनी चष्म्यावरून बघत विचारलं.

त्यानं एकदा वृषालीकडं पाहिलं. ती ओढणीतला खिळा मुठीत धरून उभी होती.

"जावई, अण्णा."

रंभाजींनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग दोन्ही हातांनी गुडघे दाबत कसेबसे उठले आणि दारातून बाजूला झाले.

"मग टीव्ही खाली ठेव आधी," ते म्हणाले. "आणि बस. किती दमलास."