गरम रम आणि गार ग्लास

धुक्यातून आलेला माणूस आधी हात चोळतो, मग बोलतो. हा मात्र दुकानात शिरला तोच बोलत शिरला.

"तुमचे ग्लास फुटतात."

काचेच्या दुकानात उभं राहून हे वाक्य म्हणायला एक तर हिंमत जास्त लागते, नाही तर अक्कल कमी. गल्ल्यामागच्या तिने मान वर करून पाहिलं. अंगात या थंडीला अगदीच न पुरणारा पातळ कोट, लालबुंद झालेले कान आणि हातात एक खोकं. खोक्यात तिच्याच दुकानातल्या ग्लासांचे तुकडे होते.

"काच आहे ती," ती शांतपणे म्हणाली. "आपटली की फुटते."

"आपटली असती तर आलो नसतो. नुसतं ओतलं... आणि टक्‌."

"आमचा ग्लास तडकत नाही."

हे ती म्हणाली नव्हती, तिचं घराणं म्हणालं होतं. आजोबांनी हे दुकान याच वाक्यावर उभं केलं. बाबांनी आयुष्यभर एकेका ग्लासाची कड हाताने घासून गुळगुळीत केली, आणि बाबांची नजर मंदावल्यावर तेच काम तिच्याकडे आलं. तिच्या हाताखालून गेलेला ग्लास असा नुसत्या ओतण्याने फुटावा, हे तिला सहन होण्यासारखं नव्हतं.

तो चढावरच्या हॉटेलातला नवा बारवाला होता. समुद्रकाठच्या एका गरम शहरातून आलेला. हॉटेलच्या मालकीणबाईंनी त्याला फक्त हिवाळ्यापुरतं ठेवलं होतं. त्यांना संध्याकाळी पाहुण्यांना द्यायला मसाल्याची गरम रम हवी होती, आणि महिनाअखेरच्या मेजवानीत ती जमली तर तो कायमचा राहणार होता. नाही जमली तर परतीची गाडी.

"आणि ग्लासच फुटायला लागले तर..." त्याने वाक्य अर्धवट सोडलं.

तिने मफलर उचलला. "बाबा, दुकानाकडे बघा जरा. एका माणसाला ओतायला शिकवून येते."

हॉटेलचा बार छोटासा होता. लाकडी फळ्या, एक शेगडी आणि वाफेने पांढरी झालेली खिडकी. शेगडीवर पातेलं रटरटत होतं. दालचिनी, लवंग आणि संत्र्याच्या सालीचा असा काही वास सुटला होता, की तिचा निम्मा राग दारातच उतरला. उरलेला निम्मा तिने नेटाने धरून ठेवला.

"दाखवा. कसं करता?"

तो मोठ्या ऐटीत कामाला लागला. बाही दुमडली, पळी घेतली, आणि मागे वळून फ्रीजरचं दार उघडलं. आत तिच्या दुकानातले, कान असलेले जाड ग्लास ओळीने बसले होते, अंगावर बर्फाची साय आलेले.

"हे काय?"

"ग्लास." तो गोंधळला. "गार ग्लासाशिवाय मी कधी काही दिलंच नाही कुणाला. आमच्याकडे शिकवतातच तसं. पहिल्यांदा ग्लास बर्फात."

"आणि त्यात हे उकळतं ओतता?"

तो थांबला. फ्रीजरकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं. मग त्याचे कान आणखी लाल झाले, आणि ती इतकी हसली, की शेवटी तिला स्टुलावर बसावं लागलं. बिचारा उन्हाळ्याच्या देशातून सगळी विद्या घेऊन आला होता, फक्त ती विद्या इथे उलटी करायची असते, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"बर्फवाले," ती डोळे पुसत म्हणाली, "इकडे या. आधी ग्लासात कोमट पाणी, मग जरा गरम. फिरवायचं आणि ओतून द्यायचं. आणि मग हे असं—"

तिने ग्लास पुसून गालाला लावला. "गालाला बरं वाटलं, की तो तयार. बोटांवर विश्वास ठेवू नका, बोटं थंडीत खोटं बोलतात. गाल बोलत नाही."

त्याने दुसरा ग्लास घेऊन अगदी गंभीरपणे स्वतःच्या गालाला लावला. "बरं वाटतंय," तो म्हणाला, पण बघत होता तिच्याकडे.

मग त्याने ओतलं. टक्‌ झालं नाही. तिने एक घोट घेतला, जिभेवर घोळवला आणि भुवया उंचावल्या.

"छान आहे. सर्दीवर उत्तम. पण रम कुठाय?"

"घातली की. सुरुवातीलाच, मसाल्याबरोबर."

"म्हणजे तेव्हापासून उकळतेय? अहो, तिची वाफ झाली. चढली असेल तर तुमच्या छताला चढली असेल, पाहुण्यांना नाही."

त्याने खरोखरच वर छताकडे पाहिलं, आणि पुन्हा हसू. मग दोघांनी मिळून नव्याने केलं. पाण्यात दालचिनीचा तुकडा, दोन लवंगा, एक चक्रफूल आणि तांबडी साखर. मंद आचेवर, घाई न करता. पाणी मधाच्या रंगाचं झालं की शेगडी बंद. रम त्यानंतर. वर नखाएवढा लोण्याचा गोळा आणि किसलेलं जायफळ. बाबा थंडीत हेच घ्यायचे, म्हणून तिला ठाऊक.

"जायफळ मी किसतो," तो म्हणाला.

"बोटं किसाल."

"मग तुम्ही माझी बोटं सांभाळा... आणि मी जायफळ सांभाळतो."

तिने किसणी त्याच्याकडे सरकवली. वाफेने तिचा चष्मा धूसर झाला होता, हे एक बरं झालं.

त्यानंतर तो दुकानात यायला लागला. दर दोन-तीन दिवसांनी, दुपार कलली की.

"एक ग्लास द्या."

"पुन्हा? गरम करून घेता ना?"

"घेतो. निसटला हातातून."

"आणि परवाचा?"

"तोही तसाच... बोटं बधिर होतात हो. सवय नाही थंडीची."

ती ग्लास पेंढ्यात गुंडाळून, सुतळीची गाठ मारून द्यायची. गुंडाळायला एक मिनिट पुरे, पण ती हळूहळू गुंडाळायची. तेवढ्यात तो सांगायचा, आज लवंग जास्त झाली, आज एका म्हातारबुवांनी दुसरा ग्लास मागितला. ती म्हणायची, जायफळ मोजूनमापून. तो म्हणायचा, तुम्ही येऊन बघा. ती म्हणायची, बघू. तो गेल्यावर दुकान एकदम मोठं वाटायचं, आणि ती उगाच स्वच्छ फळ्या पुसत बसायची. इतका धांदरट माणूस तिने पाहिला नव्हता. आणि धांदरट माणूस आपल्याला इतका का आवडावा, हे कोडं तिला रात्री उशीवर डोकं टेकलं की पडायचं. सुटत नव्हतं, आणि सुटावं अशी घाईही नव्हती.

मेजवानीच्या दिवशी दुपारी हॉटेलच्या मालकीणबाई फुलदाणी घ्यायला दुकानात आल्या. करड्या केसांचा घट्ट अंबाडा, आणि बोलणं त्याहून घट्ट. तिला मात्र त्या दिवशी कुणाशी तरी त्याच्याबद्दल बोलायचंच होतं.

"तुमचा बारवाला सकाळीच एक ग्लास घेऊन गेला," ती हसत म्हणाली. "दर आठवड्याला दोन-तीन फोडतो बिचारा."

उचलली जीभ, लावली टाळ्याला.

मालकीणबाईंचा हात फुलदाणीवरच थांबला. "फोडतो? मला एका शब्दाने बोलला नाही. स्वतःच्या खिशातून भरतो वाटतं? फोडलं तर मी समजून घेईन. फोडून लपवणारा माझ्या बारमध्ये नको. आजची मेजवानी होऊ दे, उद्या त्याला गाडीत बसवते."

फुलदाणी घेऊन त्या गेल्या, आणि हिच्या तोंडचं पाणी पळालं. त्याची रम जमली होती. फ्रीजर सुटला होता, छताला चढणारी रम ग्लासात उतरली होती. आणि आता केवळ हिच्या कौतुकापायी त्याला जावं लागणार होतं. तो गेला तर पुन्हा दार उघडून "एक ग्लास द्या" असं कुणी म्हणणार नाही, हा विचार मनात आला मात्र, आणि ते उशीवरचं कोडं भर दुपारी, गल्ल्यामागे उभ्याउभ्याच सुटलं. तिचं त्याच्यावर प्रेम होतं. सरळ, साधं, लपवता न येणारं.

ती तशीच चढ चढत निघाली. मफलर घ्यायचाही राहिला.

बारमध्ये पाहुणे अजून यायचे होते. काउंटरच्या एका बाजूला मालकीणबाई, दुसऱ्या बाजूला तो. दोघांचे चेहरे सांगत होते, की मेजवानी संपेपर्यंत थांबणं बाईंना जमलेलं नाही.

"यांचा दोष नाही," ती धापा टाकत म्हणाली. "ग्लासच वाईट होते. यंदाचा आमचा मालच कच्चा निघाला. आपोआप तडकतात."

तिच्या घराण्यात हे वाक्य आजवर कुणी उच्चारलं नव्हतं. आजोबा असते तर त्यांनी तिला दुकानात पाऊल ठेवू दिलं नसतं. पण तोंडातून गेलं, आणि मागे घ्यावंसं तिला जराही वाटलं नाही.

"असं?" मालकीणबाई म्हणाल्या. "मग यापुढे हॉटेलची काच मी दुसरीकडून घेते. चालेल?"

वरचं हॉटेल म्हणजे दुकानाचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक.

"चालेल."

"नाही चालणार," तो म्हणाला. एवढं बोलून तो काउंटरखाली वाकला आणि खालचं कपाट उघडलं.

आत ग्लास होते. पेंढ्यात गुंडाळलेले, तिच्याच हाताच्या गाठी अजून तशाच असलेले. एकाची गाठदेखील सुटली नव्हती.

"एकही फुटलेला नाही," तो म्हणाला. "त्या पहिल्या दिवसानंतर एकही नाही. यांची काच तडकत नाही. कोण म्हणतं तडकते?"

मालकीणबाईंनी कपाटाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "मग विकत कशाला घेत होतास?"

त्याचे कान लालबुंद झाले.

"दुकानात... नुसतं कसं जाणार?" तो शेवटी म्हणाला. "काही तरी घ्यावं लागतं ना."

शेगडीवर मसाल्याचं पाणी हलकेच बुडबुडत होतं. मालकीणबाईंनी एकदा हिच्याकडे पाहिलं. मफलर नाही, केस विस्कटलेले, आणि डोळे त्या कपाटावरून हटायला तयार नाहीत.

"फोडून लपवणारा मी ठेवला नसता," त्या म्हणाल्या. "वेडा चालेल. आजची रम जमली, की कायमचा." आणि फुलदाणी उचलून त्या जेवणाच्या दालनाकडे निघून गेल्या. जाताना दार मात्र त्यांनी आठवणीने ओढून घेतलं.

हिचा जीव भांड्यात पडला. पाठोपाठ लाजही आली, पण ती उशिरा आल्यामुळे तिचा काही उपयोग नव्हता.

"माझ्यासाठी खोटं बोललीस," तो म्हणाला. पहिल्यांदाच एकेरीत.

"तू महिनाभर बोलत होतास त्याचं काय?"

"मला सांगता येत नव्हतं. ग्लास मागता येत होता."

"मग आता सांग."

त्याने शेगडी बंद केली. कपाटातल्या एका ग्लासाची गाठ सोडली, तो कोमट पाण्याने धुतला, मग जरा गरम पाण्याने, आणि पुसून घेतला. नेहमीप्रमाणे स्वतःच्या गालाला लावायचा सोडून त्याने तो तिच्या गालाला लावला. काच उबदार होती, आणि तिला धरलेली बोटंही.

"मला इथेच राहायचंय," तो म्हणाला. "हॉटेलसाठी नाही. तुझ्यासाठी. तू आवडतेस मला. फार... अगदी फार."

"मला पण," ती म्हणाली. "पण आधी रम ओत. ग्लास गार होतोय."

त्या संध्याकाळी पाहुण्यांनी मसाल्याची रम पुन्हा पुन्हा मागून घेतली. मालकीणबाईंनी स्वतः दोन ग्लास घेतले आणि तिसरा कुणी मोजू नये अशा बेताने घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपार कलली, दुकानाचं दार उघडलं आणि धुक्याचा एक झोत आत आला. तो उभा होता. हातात काही नाही, आणि काय बोलावं हेही ठरवून आला नव्हता.

"काय देऊ?" तिने ओठ दाबून विचारलं.

"काही नको आज. नुसता आलोय."

आतल्या खोलीतून बाबांनी डोळे बारीक करत आवाज दिला. "कोण आहे गं? गिऱ्हाईक का?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. बसायला स्टूल पुढे सरकवलं.

"नाही बाबा," ती म्हणाली. "आपलं माणूस आहे."